तुमच्या कॉलेजने, विद्यापीठाने आपले जुने खेळाडू कसे लक्षात ठेवले? (अनुभव धागा)

ठाणेकरीण (कोपरी)

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून माझ्या ओळखीच्या दोन-तीन कॉलेजांमध्ये एकच प्रश्न ऐकू येतोय: आपल्याकडून कोण कोण खेळलं होतं हो? प्रश्न चांगला आहे, पण उत्तर शोधायला घेतलं की कळतं की सगळी भिस्त जिमखान्यातल्या एखाद्या जुन्या शिपायाच्या आठवणीवर आहे.

अमेरिकेतली विद्यापीठं मोठ्या खेळाडूच्या जर्सीचा नंबर कायमचा बाजूला काढून ठेवतात. मायकेल जॉर्डनचा २३ नंबर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात आता कुणालाच मिळत नाही. आपल्याकडे ब्लेझर असतो, जिमखान्याबाहेरची नावांची पाटी असते, बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणा म्हणून आमंत्रण असतं. तुमच्या वाट्याला यातलं काय आलं? किंवा तुम्ही दुसऱ्या कुणासाठी काय केलंत? लहान असो, मोठं असो, लिहा. तक्रार असेल तर संस्थेचं नाव नको, आणि जी माणसं इथे उत्तर द्यायला नाहीत त्यांचीही नावं नकोत.

डावा कोपरा (कळवा)

मी मुंबई विद्यापीठाकडून कबड्डी खेळलो. ब्लेझर मिळाला, तो अजून आहे. अंगात बसत नाही, पण लग्नाच्या शेरवानीआधी आई पाहुण्यांना तो दाखवायची.

कॉलेजने मला काय दिलं म्हणाल, तर दरवर्षी विभागीय स्पर्धेच्या आधी येणारा एक फोन. आमच्या सरांनी प्रथा पाडली होती: चालू संघाचा शेवटचा सराव सामना माजी खेळाडूंशी. भाषण नाही, हार नाही. आम्ही संध्याकाळी कामावरून सुटून थेट मैदानात. पोरं वेगात आम्हाला मागे टाकतात, पण कोपऱ्यावर उभं राहून चढाईवाल्याचा पुढचा पाय कधी जड होतो हे ओळखणं वयाबरोबर वाढतं. घोटा पकडायची वेळ मी तिथे किती तरी पोरांना हाताला धरून शिकवली. सर निवृत्त झाले तरी प्रथा चालू आहे, कारण आता तो फोन संघाचा कर्णधारच करतो.

नंबर बाजूला काढण्याबद्दल माझं मत उलट आहे. आमच्यात जो डावा कोपरा सांभाळतो त्याला आधीचा कोपरा स्वतःच्या हाताने जर्सी देतो. ती माझ्याकडे आली तेव्हा देणारा बँकेत नोकरीला होता आणि अर्धा दिवस रजा टाकून आला होता. तो नंबर काचेत ठेवला असता तर मी त्या माणसाला कधी भेटलोच नसतो.

जुनी फाईल (नौपाडा)

मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. आता निवृत्त आहे. कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला तेव्हा समितीने माजी विद्यापीठ खेळाडूंची यादी मागितली. जिमखान्याबाहेर लाकडी पाट्या होत्या, पण रंगकाम निघालं तेव्हा त्या उतरवून गोदामात टाकल्या गेल्या आणि दोन पाट्यांची अक्षरं वाळवीने खाल्ली.

पुरुष खेळाडू सापडायला फार त्रास झाला नाही. नाव तेच, आडनाव तेच, एकाकडून दुसऱ्याचा नंबर. खरी अडचण मुलींची. पाटीवर "कु." आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललं, काहींचं पहिलं नावही बदललं. सत्तरच्या दशकात आमच्या कॉलेजचा मुलींचा खो-खो संघ जबरदस्त होता, आणि माजी खेळाडूंच्या एकाही मेळाव्याला त्यातली एकही बाई आलेली नव्हती. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही. पत्रं माहेरच्या पत्त्यावर जायची आणि परत यायची.

मग मी वार्षिकांक काढले. प्रत्येक वार्षिकांकात जिमखान्याचा अहवाल असतो आणि संघाचा फोटो असतो, खाली "बसलेल्या, डावीकडून" अशी ओळ. नाव मिळालं की प्रवेशाच्या जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव आणि घरचा पत्ता. पत्ते चरईतले, उथळसरचे, काही नौपाड्यातल्या वाड्यांचे. वाडे पडून टॉवर झालेले. पण किराणा दुकान तेच असतं, देवळातले गुरुजी त्याच घरातले असतात. एका दुकानदाराने तर लगेच सांगितलं, "ती धावायची ना? डोंबिवलीला दिलीय." असं करून संघातल्या बहुतेक सगळ्या मिळाल्या. एक सांगलीला होती.

त्यांच्यातल्या एकीला फोटोची झेरॉक्स दाखवली. तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "डावीकडून तिसरी मी नाही. मी पाचवी. नावं उलटी छापलीत, तेव्हाही सांगितलं होतं." करंडक हातात धरलेली मुलगी इतकी वर्षं चुकीच्या नावाने छापली गेली होती. आम्ही सुवर्णमहोत्सवी अंकात तो फोटो पुन्हा छापला, दुरुस्त नावांसह. नव्या पाटीवर दोन्ही नावं घातली, माहेरचं आणि आताचं. समितीत एक-दोघांना ते लांबलचक वाटलं. मी हटून बसले. कारण नात आजीचं नाव शोधायला आली तर ती आताच्या आडनावाने शोधणार, आणि मैत्रीण आली तर जुन्या.

मैदानाबाहेरची आई (वाशी)

थोडक्यात लिहिते. माझा मुलगा जलतरणात राज्य पातळीपर्यंत गेला. सत्काराला बोलावलं, पाहुणे उशिरा आले, मुलं दोन तास ओळीत बसली, मग सगळ्यांना एकदम मंचावर बोलावून एकच फोटो. कुणाचं नाव, कुणाचा प्रकार, काही उच्चारलं नाही. त्याला शाल नको होती. "दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक" एवढे शब्द माइकवरून ऐकायचे होते.

कृष्णाकाठ (खारघर)

मी मूळचा कऱ्हाडचा. शिक्षक होतो, आता मुलाकडे खारघरला असतो. या विषयावर पैलवान खाशाबा जाधवांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्यांचं गाव गोळेश्वर, आमच्या कऱ्हाडला लागूनच. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावाने वर्गणी काढली. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमच्या वडिलांनी ती पाहिली होती आणि शेवटपर्यंत सांगत होते. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

पुढे ते पोलीस खात्यात गेले. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचं नाव आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाने आपल्या क्रीडा संकुलाला त्यांचं नाव दिलं. राज्य सरकार त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं. हे सगळं व्हायलाच हवं होतं आणि मला त्याचा आनंद आहे. पण वर्गात मुलांना सांगताना मी आधी खर्डेकरांचं घर सांगायचो. पदक मिळायच्या आधी, मिळेल की नाही हे माहीत नसताना, एका प्राचार्याने आपल्या विद्यार्थ्यासाठी राहतं घर पणाला लावलं. आपल्या देशात शिक्षणसंस्थेने खेळाडूचा याहून मोठा सन्मान केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

२०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. मराठी खेळाडूच्या दोन वैयक्तिक पदकांमध्ये बहात्तर वर्षं गेली. मधल्या काळात किती खाशाबांना खर्डेकर मिळाले नसतील, असा विचार त्या दिवशी दिवसभर मनात होता.

ऐरोलीचा_अभियंता

मी दोन वर्षं ओहायो स्टेट विद्यापीठात शिकलो. तिथलं ॲथलेटिक्सचं स्टेडियम अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्सच्या नावाचं आहे. बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं. त्याआधी २५ मे १९३५ ला ॲन आर्बरला विद्यापीठ स्पर्धेत त्याने पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि एकाची बरोबरी केली. तेही ओहायो स्टेटचा विद्यार्थी म्हणून.

पण तेव्हा कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला कॅम्पसवरच्या वसतिगृहात राहता येत नव्हतं. शिष्यवृत्तीही नव्हती, नोकऱ्या करून शिकत होता. विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली ती १९७२ ला, आणि १९८० ला तो गेला. स्टेडियम झालं तेव्हा तो नव्हता. कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद वाचून हे आठवलं. तिथे धावायला जाताना मला त्याचं नाव रोज दिसायचं, अभिमान वाटायचा, आणि वसतिगृहाची गोष्ट माहीत झाल्यापासून तेवढीच चीडही यायची.

सकाळचा_फेरा (उपवन)

विदेशातलंच, पण जरा सुखाचं. मुलगी ऑक्सफर्डला असताना तिच्याकडे गेलो होतो. मी तलावपाळी आणि उपवनला रोज चालणारा माणूस, त्यामुळे इफ्ली रोडचा ट्रॅक बघायचाच होता. ६ मे १९५४ ला रॉजर बॅनिस्टर तिथे एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. चार मिनिटांच्या आत पहिला माणूस. ब्रॅशर आणि चॅटवे या दोन मित्रांनी त्याला वेग धरून दिला होता.

मला जास्त भावलं ते वेगळंच. बॅनिस्टर विद्यार्थी असताना तिथल्या ॲथलेटिक्स क्लबचा अध्यक्ष होता, आणि जुना खडबडीत ट्रॅक काढून नवा करून घेण्यासाठी त्यानेच खटपट केली होती. म्हणजे पुढच्या पोरांसाठी त्याने जो ट्रॅक करवला, त्याच ट्रॅकवर विक्रम केला, आणि २००७ ला विद्यापीठाने तोच ट्रॅक त्याच्या नावाने केला. तेव्हा तो हयात होता. नाव देताना माणूस समोर होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मिडऑफ (घोडबंदर रोड)

क्रिकेटवाल्यांकडून एक. विद्यापीठांच्या संघांमधला रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासूनचा. आमचे सर पहिल्या सरावाला सांगायचे, "गावसकर झेवियर्समधून युनिव्हर्सिटी खेळला, शास्त्री पोदारमधून, संदीप पाटील रुईयामधून. तुम्ही ठाण्याहून सकाळची लोकल पकडून मरीन लाइन्सला येता, तीच खेळपट्टी आहे." आम्हाला त्याचा खरोखर उपयोग व्हायचा. नेट्समध्ये आळस करायची हिंमत नाही व्हायची.

मानद पदव्यांबद्दल मात्र मला राहुल द्रविड पटला. २०१७ ला बंगळूर विद्यापीठाने देऊ केलेली मानद डॉक्टरेट त्याने नम्रपणे नाकारली आणि क्रीडा क्षेत्रात संशोधन करून ती मिळवायला आवडेल असं कळवलं. विद्यापीठांनी हे मनावर घ्यावं. तिशी-पस्तिशीत खेळ संपलेल्या खेळाडूला अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करायची सोय करून द्या. फी माफ करा, हजेरीची अट सैल करा. आमच्या संघातला सर्वात चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला दौऱ्यांमुळे अडकला तो अडकलाच. त्याला शाली बऱ्याच मिळाल्या. नोकरीच्या बढतीला पदवी लागली तेव्हा त्यांचा उपयोग झाला नाही.

४००_हर्डल्स (नेरूळ)

मी अजून खेळते, द्वितीय वर्षाला आहे. सगळ्यांचं वाचून माझ्या बाजूने लिहिते.

आम्हाला इन्सेंटिव्हचे १० गुण मिळतात, ट्रॅकसूट मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या कॉलेजमध्ये मोठ्या खेळाडूंचे फोटो लावलेत. पण त्यांच्या खाली नाव आणि "राष्ट्रीय खेळाडू" एवढंच. कोणत्या वर्षी, कोणत्या प्रकारात, किती वेळ, काही नाही. मला माझ्या कॉलेजचा ४०० मीटर हर्डल्सचा विक्रम किती सेकंदांचा आहे हेच माहीत नाही. तो मोडायचा तरी कसा? विक्रम जिच्या नावावर असेल ती कुठे तरी इथेच, पनवेलला नाहीतर मुलुंडला असेल. तिला विचारायचंय की सातव्या हर्डलनंतर दोन हर्डल्समधली पावलं पंधरावरून सोळा होतात तेव्हा ती कोणत्या पायाने उडी घ्यायची. कोचना विचारलं तर ते म्हणतात ती माझ्या आधीची.

जुनी फाईल (नौपाडा)

४००_हर्डल्स, हे सापडतं. जिमखान्यात "आंतरमहाविद्यालयीन निकाल" अशी फाईल असते. नसली तर वार्षिकांकाच्या शेवटच्या पानांत जिमखाना अहवाल बघ, वेळा तिथे छापलेल्या असतात. हाताच्या घड्याळाने घेतलेली वेळ असेल तर तसं शेजारी लिही. तिची पदवी कोणत्या वर्षीची ते काढ आणि जनरल रजिस्टरसाठी प्राचार्यांच्या नावाने अर्ज दे. पत्ता ते थेट देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तुझं पत्र त्यांनाच पाठवायला सांग. पत्रात तो हर्डलचा प्रश्न जसाच्या तसा लिही. सत्काराच्या आमंत्रणाला माणसं उत्तर द्यायला वेळ लावतात, अशा प्रश्नाला त्याच दिवशी फोन करतात. शनिवारी मी कॉलेजच्या वेळेत नेरूळला येऊ शकते, रजिस्टर वाचायला सोबत हवी असेल तर सांग.