सगळ्यांनी मिळून बघायला काय सुचवाल? (एक आठ वर्षांचा, एक पंधराची आणि एक भूतप्रेमी नवरा)

रिमोट_कुठाय:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. घरात माणसं पाच आणि टीव्ही एक. धाकटा आठ वर्षांचा, भित्रा आहे पण कबूल करत नाही. लेक पंधराची, तिला टीन रोमान्स सोडून बाकी सगळं बोअर. नवऱ्याला भुतंखेतं, व्हॅम्पायर, शाप वगैरे असलेली लांबलचक सिरीज हवी. सासूबाईंना फास्ट इंग्रजी झेपत नाही, सबटायटल्स वाचेपर्यंत निघून जातात, पण सगळे बसलेत म्हणून त्याही बसतात. आणि मी, मला फक्त भांडण नकोय. गेल्या वेळी काय बघायचं ते ठरवण्यात पाऊण तास गेला, ट्रेलरच बघत बसलो आणि शेवटी जो तो आपापल्या मोबाईलमध्ये. मराठी-हिंदी बऱ्यापैकी बघून झालंय, त्यामुळे बाहेरचं सुचवा. यादी नको हो, यादी गुगलही देतं, तुम्ही घरी बघितलेलं आणि चाललेलं सांगा.

सोफ्याचा_कोपरा:
ताई, डोळे मिटून पॅडिंग्टन २ लावा (२०१७ चा). पहिला भाग नाही बघितला तरी काही अडत नाही. अस्वलाचा सिनेमा म्हणून मीही नाक मुरडलं होतं, पण ते अस्वल तुरुंगात जातं, तिथे धुलाईत एक लाल मोजा जातो आणि सगळ्या कैद्यांचे कपडे गुलाबी होतात, तिथपासून आमच्याकडे आजोबांपासून पिल्लापर्यंत सगळे एका पानावर आले. ह्यू ग्रँट व्हिलन आहे आणि काय मजा करतो! शेवटी मात्र रुमाल जवळ ठेवा.

दुसरा माय नेबर टोटोरो, १९८८ चा जपानी ॲनिमेशन. यात व्हिलनच नाही. दोन बहिणी, आई हॉस्पिटलमध्ये, नवीन घर, मागे रान आणि त्यात एक भलामोठा केसाळ प्राणी. दीड तासाच्या आतच संपतो. पावसात बसस्टॉपवर उभं राहण्याचा सीन आहे, त्यात फारसं काही घडत नाही आणि तरी पोरं हलत नाहीत. सासूबाईंनाही चालेल, संवाद कमीच आहेत.

पण एक धोक्याची सूचना. हा आवडला म्हणून त्याच स्टुडिओचा ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज लगेच लावू नका. जपानमध्ये हे दोन्ही एकाच वेळी, जोडीने रिलीज झाले होते, का ते देवच जाणे. दुसरा युद्धात अनाथ झालेल्या भावंडांचा आहे. मी लावला होता. पुढचे दोन दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

कानकोपरा:
+१ पॅडिंग्टन. आमच्याकडे पारायणं चालू आहेत.

मध्यरात्रीचा_प्रवासी:
भाऊजींसाठी मी बोलतो. सुपरनॅचरल, २००५ ते २०२०, १५ सीझन, ३२७ भाग. घाबरू नका, सगळे बघायचे नसतात. ज्याने ती बनवली त्याच्या डोक्यात गोष्ट पाच सीझनची होती, त्यामुळे पाचव्याच्या शेवटाला उठलात तर पूर्ण जेवून उठल्यासारखं वाटतं. मी नाही उठलो, ती माझी चूक. पुढेही चांगले भाग आहेत पण माणसं मरून परत येण्याला काही धरबंधच राहत नाही. सुरुवातीचे भाग सुटे-सुटे, एक गाव, एक भूत, दोन भाऊ, जुनी काळी गाडी, पाऊण तासात विषय खल्लास. हे घरच्यांसाठी बरं पडतं कारण मधला भाग चुकला तरी फार बिघडत नाही. मात्र धाकट्याला झोपवूनच. पहिल्याच भागाच्या सुरुवातीला आई छताला चिकटलेली आणि आग, हे आठ वर्षांच्या पोराने बघितलं तर पुढचे सहा महिने तुमच्या खोलीत झोपेल.

लेक आणि नवरा दोघांना एकत्र बसवायचं असेल तर मात्र बफी द व्हॅम्पायर स्लेयर. १९९७ ची आहे, पहिल्या सीझनचे इफेक्ट्स बघून हसू येईल, हसा, पण तो १२ भागांचाच आहे तेवढी काढा कळ. तिची खरी गंमत अशी की शाळेतलं प्रत्येक दुखणं तिथे राक्षस होऊन येतं. एका मुलीकडे वर्गात कोणी बघतच नाही, कोणी बघत नाही, शेवटी ती खरंच अदृश्य होते! हे पंधराव्या वर्षी जेवढं लागतं तेवढंच पंचेचाळिशीतही लागतं.

बारावीचं_ओझं:
काकू, मी सतरा वर्षांची आहे त्यामुळे तुमच्या मुलीची बाजू मांडते 😄 टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर (२०१८). मुलगी आवडलेल्या मुलांना पत्र लिहून पेटीत ठेवते, पाठवत नाही, आणि धाकटी बहीण ती सगळी पोस्ट करून टाकते. तीन भाग आहेत, पहिला बेस्ट. आणि १० थिंग्ज आय हेट अबाऊट यू, १९९९ चा म्हणजे तुमच्याच काळातला, मूळ गोष्ट शेक्सपियरच्या नाटकाची आहे हे बाबांना सांगा, ते लगेच बसतील, माझे बसले.

पण काकू एक रिक्वेस्ट आहे, प्लीज राग मानू नका. किसिंग सीन आला की मोठी माणसं एकतर खाकरतात, नाहीतर रिमोट शोधतात नाहीतर अचानक उद्याच्या होमवर्कचं विचारतात. त्याने सीनपेक्षा जास्त ऑकवर्ड होतं. नुसतं बघा. आणि "हे असलं करायचं नाही हं" तर मुळीच म्हणू नका, आम्ही पुढच्या वेळी हेडफोन लावून आमच्या खोलीत बघतो मग.

सोफ्याचा_कोपरा:
^ खाकरण्याचा आरोप मान्य.

अवांतर: या दोन्ही सिनेमांत बाप स्त्रियांचा डॉक्टर आहे आणि आई घरात नाही. एक बाप ट्रिपला निघालेल्या मुलीच्या हातात माहितीपत्रकांचं पाकीट ठेवतो, दुसरा मुलीला पार्टीला जायच्या आधी गरोदर बाईचं खोटं पोट बांधायला लावतो. त्या दोघांसाठीच मी हे परत बघू शकतो.

जुना_अँटेना:
एक कामाची गोष्ट सांगतो, कोणी सांगत नाही. अमेरिकन सिनेमांवरचं पीजी (म्हणजे मुलांना दाखवताना पालकांनी लक्ष ठेवावं असं) रेटिंग बघून जुना सिनेमा लावणार असाल तर साल बघा. पीजी-१३ (तेराखालच्यांसाठी पालकांना जास्त सावध करणारा) हा प्रकारच १९८४ साली आला. त्याआधी मधली पायरीच नव्हती, त्यामुळे जॉज (१९७५) सुद्धा पीजी आणि पोल्टरगाइस्ट (१९८२) सुद्धा पीजी. दुसऱ्यात एक माणूस आरशासमोर स्वतःचा चेहरा ओरबाडून काढतो, आणि मी तो "फॅमिली" म्हणून पुतण्याला दाखवलेला आहे. वहिनींनी अजून माफ केलेलं नाही.

दुसरं म्हणजे नवीन टीव्हीत मोशन स्मूदिंग नावाचं सेटिंग चालू असतं, कंपनीगणिक नाव वेगळं. ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतो आणि सगळं डेली सोपसारखं गुळगुळीत दिसतं. आणि भाषेच्या मेन्यूत डब आहे का ते सगळे बसायच्या आधी बघून ठेवा. बसल्यावर शोधायला घेतलं की संपलं, पहिला मोबाईल तिथेच बाहेर येतो.

रिमोट_कुठाय:
एवढे प्रतिसाद! पीजीचं खरंच माहीत नव्हतं, मी कालच एक जुना "फॅमिली हॉरर" काढून ठेवला होता, तो गुपचूप डिलीट केलाय. पण ठरवायचं कोणी? पाऊण तास तिथेच जातो ना.

मध्यरात्रीचा_प्रवासी:
आमच्याकडे पाळी आहे. ज्याची पाळी तो ठरवणार, ते पण दुपारीच. बाकीच्यांना प्रत्येकी एक नकार, महिन्यातून एकदाच. बायकोने अजून तिचा वापरलेला नाही, जपून ठेवलाय, मला टेन्शन.

बारावीचं_ओझं:
आणि वीस मिनिटांनी ज्याला उठायचंय त्याला उठू द्या. जबरदस्ती केली की तो कॉमेंट्री करत बसतो, जे जास्त वाईट.

रिमोट_कुठाय:
अपडेट द्यायला आलेय. पॅडिंग्टन २ लावला. लेक वीस मिनिटांनी उठून गेली, मी एक अक्षर बोलले नाही, तर गुलाबी कपड्यांच्या वेळी सगळे हसायला लागल्यावर दारात येऊन उभी राहिली आणि "काय झालं, मागे घ्या ना" म्हणाली. धाकटा कोर्टाच्या सीनला चक्क चिडला. शेवटी सासूबाई रडल्या, म्हणाल्या भाषा नाही कळली पण अस्वल गुणाचं आहे.

धाकटा झोपल्यावर नवऱ्याने आणि लेकीने बफीचे दोन भाग बघितले, आज परत लावणार आहेत. सासूबाईही बसल्या होत्या, विचारत होत्या यात कमी बोलतात असा एखादा भाग नाही का. आहे का हो?

मध्यरात्रीचा_प्रवासी:
आहे की! हश. गावातल्या सगळ्यांचा आवाजच चोरीला जातो, अर्ध्याहून जास्त भाग कोणी बोलतच नाही. पण भीतीदायक आहे हां, ते हसरे पांढरे चेहरे माझ्या अजून डोक्यात आहेत. आधी सासूबाईंना विचारा.

रिमोट_कुठाय:
विचारलं. म्हणाल्या लाव. कितवा सीझन?

मध्यरात्रीचा_प्रवासी:
चौथा, दहावा भाग. दिवे चालू ठेवा.