श्रावणातल्या साधना शिबिरात हरिपाठ आणि पावली: पट्टी, पखवाज, टाळ यांचं कसं बसवावं?

करवीर_साधक
राम कृष्ण हरी. पन्हाळ्याजवळ श्रावणात तीन दिवसांचं निवासी शिबिर आहे. ६० साधक, निम्म्याहून जास्त महिला, वयं विशीपासून सत्तरीपर्यंत. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ आणि पावली (अभंगाच्या तालावर रांगेत टाकायची पावलं), रात्री कीर्तन. हॉल ३० बाय ५० फूट, खाली टाइल्स, वर पत्रा. वीणा, पेटी, पखवाज आहेत. टाळ मात्र बहुतेक नवख्यांच्या हातात जाणार. पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’, कुठली धरू? पावली कशी शिकवायची? हरिपाठ संपायच्या आतच नाच सुरू होतो आणि शब्द कुणाच्या तोंडात राहत नाहीत, त्यावर काय करता येईल?

टाळकरी_गंगावेश
माऊली, शब्द सुटतात ते लयीमुळे. पहिलाच अभंग चढ्या लयीत घेतला की श्वास पावलीतच खर्च होतो, गायला उरत नाही. पहिले पाच-सहा अभंग सगळ्यांनी जागेवर उभं राहून, ठाय म्हणजे संथ लयीत म्हणा. पावली त्यानंतर. लय वाढवायची ती दोन अभंगांच्या मधे, चरण चालू असताना नाही. परीक्षा सोपी आहे: मागच्या रांगेतला शेवटचा शब्द विणेकऱ्याला ऐकू येत नसेल तर लय उतरवा. हा निर्णय विणेकऱ्याचाच. पखवाजवाल्यानं आपणहून लय ओढायची नाही, हे आदल्या रात्रीच ठरवून घ्या. अर्ध्या शिबिरांत घोळ इथंच होतो.

पावलीसाठी १५ जणांच्या चार रांगा करा, दोन-दोन समोरासमोर. माणशी तीन फूट धरले तर ४५ फुटांत रांग बसते. समोरासमोरच्या रांगांत सहा फूट अंतर ठेवा. आठ मात्रांची साधी पावली अशी: पहिल्या मात्रेला उजवा पाय अर्धं पाऊल पुढं, गुडघा किंचित सैल, तिसरीला डावा पाय त्याच्या शेजारी, पाचवीला डावा मागं, सातवीला उजवा त्याच्याजवळ. पूर्ण पाऊल टाकलं की समोरच्याच्या अंगावर जाता, म्हणून अर्धंच. पहिल्या दिवशी पाव तास नुसत्या टाळ्यांवर हे करून घ्या, टाळ हातात देऊच नका. उड्या नकोत, तळवा सपाट पडला पाहिजे.

सतरंजी काढून टाका. पायाखाली तिच्या घड्या पडतात आणि मागं जाताना माणूस आपटतो. मोजेही नकोत. घामानं टाइल्स ओल्या होतात, म्हणून कोरडं फडकं घेऊन एक सेवेकरी ठेवाच. गुडघेदुखीवाल्यांना कडेला खुर्च्या द्या, पण टाळी आणि नाम त्यांनीही सोडायचं नाही.

पत्र्याखाली ८ ते १० जोड टाळ पुष्कळ झाले. त्यापुढं गेलात तर अभंग बुडाला. एक टाळ दुसऱ्यावर बरोबर समोरासमोर आपटला की मधली हवा कोंडून बद्द आवाज येतो. कडा जरा सरकवून मारा आणि लगेच मोकळा सोडा.

धुमाळी_ठेका
श्रावणात पन्हाळा म्हणजे धुकं आणि ओल, त्यामुळं पखवाजाची काळजी आधी घ्या. चामडं ओल धरतं आणि शाईची बाजू उतरते. घरी लावून आणलेला पखवाज हॉलवर हमखास बेसूर लागणार. अर्धा तास हॉलमध्ये ठेवा, मग पेटीच्या षड्जाला (‘सा’ला) लावा. मोठा फरक वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांनी काढायचा, बारीक फरक गजऱ्यावर (तोंडाच्या कडेच्या चामडी वेणीवर) हातोडीनं. शेगडीजवळ नेऊन तापवू नका, पुडी (तोंडावरचं चामडं) तडकते. रात्री सुती कापडात गुंडाळून फळीवर ठेवा, फरशीवर नाही.

डाव्या बाजूची कणीक चपातीपेक्षा थोडी सैल, नुसत्या पाण्यात मळलेली. तेल घातलं तर चिकटतच नाही. एका उंड्याएवढी पुरते. ती वाळत गेली की घुमारा जातो, म्हणून जवळ वाटीत पाणी ठेवा आणि अधूनमधून ओलं बोट फिरवा. वाजवून झालं की लगेच खरवडून काढा. रात्रभर राहिली तर पुडी कुजते, शिवाय उंदीर कुरतडतात.

भजनी_शाहूपुरी
पट्टीबद्दल. पुरुष मंडळी पेटीची काळी १ किंवा २ धरतात, महिला मंडळं काळी ४ किंवा ५. एकत्र म्हणायचं असेल तर आधी चाल बघा. तार षड्जापर्यंतच (वरच्या ‘सा’पर्यंत) जाणारी असेल तर काळी १ दोघांनाही झेपते, बायका वरच्या सप्तकात म्हणतात. तार गंधार-मध्यमाला जाणारी चाल असेल तर त्या पट्टीत बायकांचा गळा चिरकतो. मग पट्टी खालच्या सप्तकातल्या काळी ५ ला आणा, नाहीतर चालच बदला. मी चाल बदला म्हणेन. हरिपाठ सर्वांच्या तोंडी राहावा म्हणून असतो, तिथं अवघड चालीचा आग्रह कशाला?

फुगडी घालणार असाल तर बांगड्या-घड्याळं आधी काढायला लावा. पकड बोटांची नको, मनगटाची. जोडी सारख्या वजनाची.

करवीर_साधक
मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या: वीणा चोवीस तास उभी (कुणाच्या तरी गळ्यात, नाम चालू) ठेवायची इच्छा आहे, आणि काकड्याला बाहेर स्पीकर लावावा का?

टाळकरी_गंगावेश
स्पीकरचं आधी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळं पाचचा काकडा हॉलमध्ये, विनामाईक. साठ गळे त्या हॉलला भरपूर झाले. कीर्तनही दहाच्या आत आवरा. दिवसा बाहेर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी काढून ठेवा.

वीण्याला दोन-दोन तासांचा पहारा धरला तर १२ जण लागतात. वर तीन राखीव ठेवा, पहाटे २ ते ४ चा पहारा हमखास अडतो, तिथं तरुण माणूस लावा. गळ्यातली वीणा खाली टेकवायची नाही. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम न थांबवता वीणा बदलते. हे नवख्यांना एकदा करून दाखवा. तारा नव्या घालायच्या तर आठवडाभर आधी मिरजेतून बसवून घ्या, नव्या तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात.

आणि द्रुत गजर संपला की लगेच खाली बसवू नका, चक्कर येते. लय उतरवत पुन्हा ठाय नामावर या, दोन मिनिटं जागेवर सावकाश पावली, मग ‘पुंडलिक वरदा’ची ललकारी आणि बैठक. पंगत त्यानंतर, जेवून पावली अजिबात नको.