निळा की तांबडा?

स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म या डोंगररांगेच्या नावाचा अर्थ 'निळा डोंगर', तर मग तिथला दगड तांबूस कसा, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय. त्यात थोडी भर घालतो.

'गोर्म' म्हणजे निळा हे बरोबर, पण गेलिकमध्ये, म्हणजे ही नावं ज्या स्कॉटिश भाषेतली आहेत तिच्यात, हिरव्यागार गवतालाही गोर्मच म्हणतात. शिवाय केर्नगॉर्म हे मुळात एकाच शिखराचं नाव. सगळ्या रांगेला ते इंग्रजीत चिकटलं. रांगेचं खरं गेलिक नाव 'आम मॉनघ रूअघ', म्हणजे तांबडं पठार, आणि तिथला ग्रॅनाइट गुलाबी-तांबूस आहेच. स्पे नदीपलीकडच्या रांगेला म्हणतात 'मॉनघ लीअ', करडं पठार. नदीच्या दोन काठांना दोन रंग! मला हे फार आवडतं.

गेलिकमध्ये ओढ्यांच्या नावात बहुतेकदा 'आल्ट' (ओढा) येतं. स्कॉटलंडमधल्याच बेन नेव्हिस या डोंगराच्या उत्तरेकडच्या कड्यांखालून वाहणारा 'आल्ट अ वूलिन' म्हणजे गिरणीचा ओढा. गिरणीला मूळ शब्द 'मूलिन'. इथे 'गिरणीचा' म्हणताना म चा व झाला. नकाशात शब्दाच्या सुरुवातीला 'एम'पुढे 'एच' दिसला की उच्चार 'व' करायचा. शब्दकोशात मात्र तो 'एम'खालीच शोधायचा, नाहीतर सापडत नाही.