एका खुर्चीच्या दवाखान्यात स्कॅनर घ्यावा का?

नौपाड्याची डेंटिस्ट

नौपाड्यात माझा एकटीचा दवाखाना आहे. एक खुर्ची, एक मदतनीस, 22 वर्षं झाली. महिन्याला 15-16 कॅप आणि ब्रिज, दोन-तीन कवळ्या. दातांचं माप पुट्टी (घट्ट लगदा) आणि लाइट बॉडी (पातळ लगदा) ट्रेत भरून घेते. संध्याकाळी कळव्याच्या लॅबचा मुलगा स्कूटरवर येऊन डबा घेऊन जातो. लॅबवाल्या काकांबरोबर 17 वर्षं काम करतेय, माझं काम त्यांच्याइतकं कोणी ओळखत नाही.

गेल्या महिन्यात दोन कॅप परत कराव्या लागल्या. त्यातल्या एक आजी कासारवडवलीहून येतात. घोडबंदर रोडच्या गर्दीतून सव्वा तास बसून आल्या आणि मी त्यांना सांगितलं की कॅप नीट बसत नाहीये, पुन्हा माप घ्यावं लागेल. त्या रागावल्या नाहीत. "परत ते तोंडात भरायचं का?" एवढंच विचारलं. पुट्टीने त्यांना उमासे येतात. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात इंट्राओरल स्कॅनर, म्हणजे तोंडात फिरवून दातांचं माप घेणारा कॅमेरा, घोळतोय.

कंपनीचा माणूस दोनदा डेमो देऊन गेला. माझ्या मदतनीसाचे दात स्कॅन केले, थोड्या वेळात दोन्ही जबडे स्क्रीनवर. पण कोरड्या, धडधाकट दातांवरून मी काय ठरवू? हिरडीखाली गेलेली मार्जिन (घासलेल्या दातावर कॅपची कड जिथे बसते ती रेघ), तीही रक्त झिरपत असताना, दिसते का ते मला हवं होतं. तसं विचारलं तर तो हप्त्यांचं बोलायला लागला.

2012 मध्ये एक्स-रेची फिल्म सोडून आरव्हीजी (डिजिटल एक्स-रे) घेतलं तेव्हा मी अशी अडले नव्हते. रूट कॅनाल चालू असताना फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवायची, धुवायची, फिक्सरमध्ये टाकायची, तोवर पेशंट तोंड उघडून पडलेला. आरव्हीजीत काही सेकंदांत चित्र समोर, आणि क्ष-किरणांची मात्राही कमी. पहिल्याच दिवशी फरक कळला. स्कॅनरचं तसं होत नाहीये. छोट्या दवाखान्यात ज्यांनी घेतलाय त्यांनी सांगा, रीमेक, म्हणजे पुन्हा करावी लागणारी कामं, खरंच कमी झाले का? आणि तुमच्या जुन्या लॅबचं काय झालं?

नेरुळ, चार वर्षं वापरतोय

मॅडम, स्कॅनर म्हणजे शेवटी कॅमेरा. तुमच्या डोळ्याला जे दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही. हिरडी बाजूला सारणारी कॉर्ड (दोरा) घालावीच लागते, रक्त थांबवावंच लागतं, उलट पुट्टीपेक्षा जास्त काटेकोरपणे. लाइट बॉडी थोडीफार आत घुसते, प्रकाश घुसत नाही.

मग मी का वापरतो? पुट्टीत चूक झाली तर ती लॅबच्या टेबलावर कळते, तोवर पेशंट घरी गेलेला असतो. इथे दाढ अजून बधिर असतानाच मार्जिन हाताएवढी मोठी करून बघता येते. एका कोपऱ्यात तुटलेली दिसली तर तेवढाच भाग पुसायचा, कोरडा करायचा, परत स्कॅन करायचा. माझे रीमेक कमी झाले ते यामुळे.

पूर्ण कवळीला मी अजून ट्रेच वापरतो. दात नसलेल्या जबड्यात चित्रं एकमेकांना जोडायला ठळक खुणा मिळत नाहीत, आणि हलणाऱ्या मऊ भागाची कड हाताने घडवण्यात जी पकड येते ती मला स्कॅनमध्ये मिळाली नाही. दोन्ही बाजूंना जाणाऱ्या लांब ब्रिजलाही जपून. छोटी छोटी चित्रं जोडत जाताना बारीक चुका साठत जातात.

घेताना दोन गोष्टी लेखी विचारा. वार्षिक वर्गणी थांबवली तर मशीन चालतं का, आणि एसटीएल फाइल (स्कॅनची त्रिमितीय फाइल) कुठल्याही लॅबला पाठवता येते का. एक्स-रेसारखी ई-लोरावर (अणुऊर्जा नियामक मंडळाचं पोर्टल) नोंदणी मात्र लागत नाही, यात नुसता प्रकाश आहे.

सिरॅमिस्ट, ऐरोली

मॅडम, मी लॅबच्या बाजूने लिहितोय. तुमच्या कॅप झिर्कोनियाच्या (पांढऱ्या सिरॅमिकच्या) असतील तर तुमचं काम आजच डिजिटल होत असणार. तुमच्या पुट्टीत स्टोन (कडक प्लास्टर) ओततात, ते मॉडेल टेबलावरच्या स्कॅनरमध्ये जातं, कॅपचं डिझाइन स्क्रीनवर होतं आणि मशीन ती ठोकळ्यातून कोरतं. काकांकडे मशीन नसेल तर ते मिलिंग सेंटरला पाठवत असतील. तुमचा स्कॅनर आला तर मधली पुट्टी आणि स्टोन जाईल. काकांचा हात जाणार नाही. शेड, ग्लेझ (चकाकी), काँटॅक्ट (शेजारच्या दाताला टेकणं), चावा हे कोणीतरी बघायलाच लागतं. मी डिझाइन वयाच्या 51व्या वर्षी शिकलो, पहिले सहा महिने फार जड गेले. एकदा त्यांच्याशी बोला.

नौपाड्याची डेंटिस्ट

फोन न करता काल स्वतः कळव्याला गेले. 17 वर्षांत मी त्यांच्या लॅबमध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवलं, याचं मला फार वाईट वाटलं. झिर्कोनियाचं काम ते खरंच महापेच्या सेंटरला पाठवतात. आणि त्यांनी त्या दोन्ही परत आलेल्या कॅपचे डाय (घासलेल्या दाताचे स्टोनचे नमुने) जपून ठेवले होते. भिंगाखाली दाखवले. दोन्हींत तालूच्या बाजूला, एकाच जागी, मार्जिनची रेघ पुसट. काकांनी तेव्हा त्या रेघेचा अंदाज बांधला होता, आणि मला दुखवायला नको म्हणून बोलले नव्हते. आता असं दिसलं की कॅप करायच्या आधी मला फोन करायचा, एवढं आमचं ठरलं.

म्हणजे चूक मापाच्या पद्धतीत नव्हती, माझ्या कॉर्डमध्ये होती. तिथे आरसा धरून काम करते, नजर नीट पोचत नाही. नेरुळच्या डॉक्टरांचं म्हणणं आता पटतंय. ती रेघ मला त्याच क्षणी स्क्रीनवर दिसली असती.

कंपनीकडे आठवडाभर मशीन मागितलंय. घेतलं तर फाइल काकांनाच जाईल, त्यांचा मुलगा डिझाइन शिकायला तयार आहे. गुरुवारी आजी येतायत, त्यांना विचारून आधी स्कॅन करणार आहे. शेवटचं एक विचारते, वरच्या सात नंबरच्या दाढेला गालाच्या बाजूने स्कॅनरचं टोक पोचतं का? आजींची तीच आहे, आणि तोंड लहान आहे.

नेरुळ, चार वर्षं वापरतोय

पोचतं. फक्त तोंड पूर्ण उघडायला लावू नका. अर्धं मिटायला सांगा आणि खालचा जबडा त्याच बाजूला थोडा सरकवायला सांगा, गाल सैल पडतो आणि जागा होते. तालूची बाजू आधी घ्या, तिथली कॉर्ड काढल्यावर हिरडी पटकन परत मिटते.