पेडल स्टीलची उंची कशी वाढवायची?

डॅलसकर: सेकंडहँड पेडल स्टील (पायांवर उभी असलेली आडवी गिटार, पेडल आणि लिव्हरने तारांचा सूर बदलतो) घेतलंय, १० तारा, ई९ ट्युनिंग (तारा जुळवायची एक पद्धत), ३ पेडल, ४ नी लिव्हर (गुडघ्याने ढकलायचे). माझी उंची ६ फूट २ इंच, गुडघे सरळ बॉडीला टेकतात, लिव्हर ढकलायला जागाच नाही. गिटारच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवले तर चालेल का?

स्लाइडवाला: ठोकळे नको रे. पेडलची पट्टी गिटारच्या पुढच्या दोन पायांनाच बसवलेली असते, ती पण वर जाणार, मग टाच जमिनीवर ठेवून पेडल दाबताच येणार नाही. गिटारला लांब पाय घे आणि पाय जेवढे वाढतील तेवढेच वाढीव लांबीचे पेडल रॉड (पेडल वरच्या बॉडीला जोडणाऱ्या सळ्या), पट्टी आहे तिथेच राहू दे. रॉड आखूड पडले तर पेडल वर ओढले जातात.

डॅलसकर: आणि स्टूल खाली घेतलं तर?

मीरा_एनजे: त्याने फारसा फरक नाही पडत, टाच जमिनीवर असली की गुडघ्याची उंची नडगीच ठरवते. उजवा पाय नीट बघा, तो व्हॉल्यूम पेडलवर (आवाज कमी-जास्त करणारं, जमिनीवर ठेवलेलं वेगळं पेडल) असतो म्हणून तोच गुडघा जास्त अडतो. कमी उंचीचं व्हॉल्यूम पेडल मिळतं, आधी ते लावून बघा, आणि माप घेताना वाजवताना घालता तेच बूट घाला.