एसईलिनक्स बंद करून टाकावं का?

रात्रपाळी:
कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइलला हात लावायचा हे लेबल बघून ठरवणारं लिनक्सचं सुरक्षा कवच, एसईलिनक्स, परवा नडलं. रात्री दीड वाजता साइट ४०३ ('प्रवेश नाही') फेकत होती. फाइलची परवानगी ६४४ (सगळ्यांना वाचता येते), मालक बरोबर, वेबसर्व्हर एनजिनेक्सची कॉन्फिग बरोबर. तासभराने ऑडिट लॉग उघडला तर 'एव्हीसी डिनाइड', म्हणजे एसईलिनक्सने नाकारल्याची नोंद, लेबल 'युजर_होम_टी'. फाइल होममधून 'एमव्ही'ने हलवली होती, जुनं लेबल सोबत आलं. 'सीपी'ने कॉपी केलं असतं तर नव्या जागेचं लेबल लागून काही झालं नसतं! असल्या खाचाखोचा ठेवल्यावर लोक बंदच करणार. मीही 'सेटएनफोर्स ०' मारून एसईलिनक्सची अडवणूक बंद केली आणि झोपलो. परवानग्या नीट लावा, पॅच वेळेवर टाका, पुरे.

कुलूपवाला:
'रीस्टोअरकॉन' मारून जागेप्रमाणे लेबल लावायचं होतंत, एका ओळीचं काम. बरं, परवानग्या मालकाच्या मर्जीच्या, आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, त्या विचारतात कुठे? एसईलिनक्सचं सक्तीचं धोरण रूटलाही अडवतं. पॅचचं म्हणाल तर २०१९ मधला रनसीचा, म्हणजे कंटेनर (ॲपसाठीचा वेगळा कप्पा) चालवणाऱ्या प्रोग्रामचा, दोष आठवा: कंटेनरमधला रूट होस्टवरची (मूळ मशीनवरची) रनसी बायनरीच बदलू शकत होता. रेड हॅटच्या आरएचईएल ७ लिनक्सवर एसईलिनक्स एन्फोर्सिंगमध्ये (सक्तीच्या मोडमध्ये) असेल तर हल्ला तिथेच अडकायचा. पॅच नसतानाही.

रात्रपाळी:
ते मान्य. पण आपण स्वतः लिहिलेली सर्व्हिस सहसा 'अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी'मध्ये, म्हणजे मोकाटच चालते. तिला आवरायला धोरण लिहायला बसलं की लोक 'ऑडिट२अलाऊ' चालवून नाकारलेलं सगळं उघडून देतात. कुलूप आहे, किल्ली दारालाच.

तिसरी खिडकी:
मला दोघांचंही पटत नाही. ॲपआर्मर वापरा, तसंच दुसरं कवच, पण लेबलांवाचून. प्रोफाइलमध्ये सरळ पाथ (फाइलचे पत्ते) लिहायचे, न अडवता नुसती नोंद करणाऱ्या कंप्लेन मोडमध्ये चार दिवस लॉग बघायचा, मग आवळायचं. निदान वाचून कळतं तरी.

कुलूपवाला:
पाथवर भरवसा म्हणजे पाटी बघून घर ओळखणं. तीच फाइल दुसऱ्या नावाने हार्डलिंक झाली तर? लेबल आयनोडला, म्हणजे फाइलच्या मूळ नोंदीला, चिकटलेलं असतं, नावाला नाही. आणि एसईलिनक्स झेपत नाही म्हणणाऱ्यांच्या खिशातला अँड्रॉइड ५.० पासून पूर्ण एन्फोर्सिंगमध्ये चालतो.

रात्रपाळी:
कारण तिथे धोरण दुसऱ्याने लिहून दिलंय, आणि सिस्टीमच्या कुठल्या प्रोसेसने काय करायचं हे त्याला आधीच ठाऊक असतं. माझ्या सर्व्हरवर दर आठवड्याला नवं काहीतरी येऊन बसतं.

कुलूपवाला:
बरं. ते 'सेटएनफोर्स ०' अजून तसंच आहे?

रात्रपाळी:
हो. रीबूटला आपोआप एन्फोर्सिंगमध्ये येतंच की, कॉन्फिगला हात लावलेला नाही.

कुलूपवाला:
आणि त्या फाइलचं लेबल?

रात्रपाळी:
...थांबा, लॉगिन करतो.