हिंगण्यात सीएमएम घ्यायचंय: नवीन, जुनं की बाहेरून मोजून घ्यावं?

चार_व्हीएमसी
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं युनिट आहे, काम बहुतेक अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचं. आतापर्यंत हाइट गेज, बोअर गेज आणि सर्फेस प्लेटवर भागत होतं. नव्या ड्रॉइंगवर दोन बोअरमधलं (तासलेल्या गोल भोकांमधलं) अंतर २५० मिमी आहे, ±०.०५ मध्ये, शिवाय बोल्ट होलना पोझिशन टॉलरन्स (जागेत चालणारा फरक). कस्टमरला सीएमएमचा, म्हणजे जॉबवर प्रोब टेकवून मापं काढणाऱ्या कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनचा, रिपोर्ट पाहिजे. बाबा म्हणतात बाहेरून मोजून घे, पार्टनर पुण्यात एक जुनं मशीन बघून आलाय, मला नवीन ब्रिज टाइप (टेबलावर पुलासारखी चौकट असलेलं) घ्यावंसं वाटतं. स्टोअरचा कोपरा रिकामा करतोय, तिथे कूलर आहेच. कोणतं मशीन घ्यावं?

मायक्रॉनवाली
मशीन राहू द्या, आधी तो कूलर काढा. नागपूरच्या उन्हाळ्यात आपल्याला त्याच्यावाचून चालत नाही हे खरं, पण मोजमापाच्या खोलीत ओली हवा म्हणजे स्लिप गेजवर (मापाच्या स्टीलच्या ठोकळ्यांवर) गंज. मशीनच्या ग्रॅनाइटच्या टेबललाही ओल मानवत नाही.

दुसरं, तापमान. ड्रॉइंगवरचं माप २०° सेल्सिअसला धरलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं. मे महिन्यात जॉब ३८ अंशांवर असेल तर १८ अंशांचा फरक. तुमच्या २५० मिमीला १०३ मायक्रॉन झाले. तुमची अख्खी टॉलरन्स मिळून १००! म्हणजे चांगला जॉब रिजेक्ट होणार आणि आखूड झालेला बिनधास्त पास होणार. हे कुठल्याही कंपनीचं मशीन घेतलं तरी होणारच.

वऱ्हाडी_फिटर
ताईंचं बरोबर आहे. भाऊ, तुम्ही मशीनचा विचार करून राहिले, पण शेजारी पॉवर प्रेस आहे का ते सांगितलंच नाही. असेल तर त्याच्या धक्क्यांनी रीडिंग हलते, तो कोपरा विसरा. आणि जॉब व्हीएमसीवरून (मिलिंगच्या मशीनवरून) उतरवला की कूलंट पुसून, बर (कडेला राहिलेली धातूची धार) काढून रात्रभर खोलीत ठेवायचा. सकाळी मोजायचा. घाई केली तर काहून रीडिंग हलते म्हणून डोकं धरून बसाल.

चार_व्हीएमसी
प्रेस नाही, पण मागच्या गल्लीतून ट्रक जातात. एसी लावून घेईन. पण सॉफ्टवेअरमध्ये टेम्परेचर कॉम्पेन्सेशन असतं ना? मग एवढं सोवळं कशाला?

मायक्रॉनवाली
असतं, आणि कामाचंही असतं. पण सेन्सर चिकटवला तिथलंच तापमान त्याला कळतं. जाड बॉस (जॉबवरचा उठावाचा भाग) अजून गरम आणि पातळ भिंत थंड झालेली, असा जॉब सारखा वाढत नाही, वाकडा होतो. त्यावर सरळ गुणाकार चालत नाही. एसी सुट्टीच्या दिवशीही चालू ठेवावा लागेल, वीजबिल धरूनच हिशेब करा. थंड हवेचा झोत मात्र मशीनवर येऊ देऊ नका.

जुना_इन्स्पेक्टर
आता मशीनवर येतो. झाइस, हेक्सागॉन, मितुतोयो, आपल्या पुण्याचं अ‍ॅक्युरेट, यातलं कुठलंही तुमचं काम करेल. नावावरून भांडण्यात अर्थ नाही. कोटेशनमध्ये अचूकता १.९ + एल/३०० अशा धर्तीची लिहिलेली असते, एल म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. २५० ला ती होते पावणेतीन मायक्रॉनच्या आसपास. तुम्हाला एवढी पुरून उरते. पण त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा आकडा किती अंशांच्या पट्ट्यात खरा, तासाला आणि मीटरमागे किती फरक चालेल. ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. जास्त तापमानात चालणारी शॉप फ्लोअर मशीनंही मिळतात, त्यांचा वरच्या तापमानाचा आकडा वेगळा मागा.

डेमो त्यांच्या चकचकीत नमुन्यावर बघू नका. स्वतःचा जॉब न्या, तोच परत परत काढून-लावून मोजायला सांगा.

जुन्या मशीनचं म्हणाल तर ग्रॅनाइटला म्हातारपण येत नाही, कंट्रोलरला येतं. पार्ट मिळतात का, सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या नावावर होतं का, आणि हलवून बसवल्यावर आयएसओ १०३६० (सीएमएमची अचूकता तपासायचं मानक) प्रमाणे कॅलिब्रेशन कोण देणार, हे लेखी घ्या. इंजिनिअर पुण्याहून येणार असेल तर त्याचा प्रवास एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) धरलाय का तेही विचारा. माझं मत: महिन्याला थोडेच जॉब असतील तर बाबांचं ऐका. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या लॅबकडून रिपोर्ट घ्या, पण मान्यता सीएमएमच्या मोजमापासाठीच आहे का ते त्यांच्या स्कोपमध्ये (मान्य कामांच्या यादीत) बघा.

तीन_जबडे
एक राहिलं. बोअर चार पॉइंट घेऊन मोजू नका. तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळून टर्न केलेलं बोअर सोडल्यावर तिकोनी होतं. दोन टोकांचा बोअर गेज तिथे सगळीकडे जवळपास सारखंच दाखवतो, आणि चार पॉइंटवाला सीएमएमही फसतो. निदान दहा-बारा पॉइंट घ्या. राउंडनेस नेहमी मागत असतील तर स्कॅनिंग प्रोब (सरकत सलग मोजणारा) बघा, नाहीतर एकेक पॉइंट टेकून घेणारा साधा टच ट्रिगर पुरे. आणि ऑपरेटर असा ठेवा ज्याला डेटम (मापं जिथून धरायची ती पृष्ठं) कळतो. ड्रॉइंगवर ए-बी-सी एक आणि प्रोग्राममध्ये भलतंच, असे रिपोर्ट मी पुष्कळ पाहिलेत.

चार_व्हीएमसी
मंडळी, आभार. पहिला लॉट लॅबमधून मोजून घेतो, तोवर खोली तयार करतो. मशीन नवीनच घेणार, पार्टनरला हा धागा दाखवलाय. आमच्याच कॉम्प्रेसरवरून एअर दिली तर चालेल?

वऱ्हाडी_फिटर
सरळ नका देऊ बाप्पा. मशीन हवेच्या थरावर सरकते, त्या एअर बेअरिंगची फट काही मायक्रॉनची, त्यात पाणी न् तेल गेलं की संपलं. रेफ्रिजरेटेड ड्रायर, त्याच्या पुढं-मागं फिल्टर, आणि शेवटचा तेल पकडणारा फिल्टर मशीनजवळ. पावसाळ्यात ड्रेन रोज बघायचा. यूपीएस ‘ऑनलाइन’ प्रकारचा घ्या, म्हणजे वीज सतत त्याच्यातूनच येते. कॉम्प्रेसरची टँक केवढी आहे तुमची?